नानांचं गुहागर, वहिनींचं व्हिएतनाम

गणपती उठले की आमच्या सहलींच्या ऑफिसात डिसेंबरच्या चौकशा सुरू होतात, आणि रोज एक तरी कुटुंब तोच वाद घेऊन येतं: दरवर्षीच्याच ठिकाणी जायचं की यंदा नवीन काही बघायचं? मुलं मोबाइलवर रील दाखवतात, आईवडील ‘तिथं आपली ओळख आहे’ म्हणतात आणि शेवटी पैसे भरणाऱ्याचं चालतं. मी दोन्हीकडचे दर काढून समोर ठेवते, बहुतेकांचं तिथंच मिटतं. मागच्या डिसेंबरातलं एका कुटुंबाचं प्रकरण मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

दादा आणि वहिनी दोघं पन्नाशीच्या आसपासचे, मुलगी इंजिनिअरिंगला. दादांचे वडील, नाना, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी त्यांना डिमेन्शियाचं निदान झालं. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हापासून या घराचा डिसेंबर गुहागरला ठरलेला. व्याडेश्वर कुलदैवत. खालच्या पाटातलं, म्हणजे गावाच्या खालच्या वस्तीतलं, तेच घर, त्याच घरमालकीण काकू, तीच पडवीलगतची खोली. त्या वर्षी दादांच्या अमेरिकेतल्या बहिणीनं पैसे देऊ केले होते. नाना हिंडते-फिरते आहेत तोवर त्यांना एकदा परदेश दाखवायचा, असं भावाबहिणीनं ठरवलं होतं. त्यामागची माया मला दिसत होती.

व्हिएतनामचा कार्यक्रम मी एरवी डोळे झाकून देते. हनोई, हा लाँग बेच्या बोटीवर एक रात्र, दा नांग, होई आन, शेवटी हो ची मिन्ह सिटी. मुंबईहून थेट विमान आहे, ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. पण हिशेब करा: आठवडाभरात चार हॉटेलं, एक बोट आणि मधे दोन विमानं. माझ्या फॉर्मवर ज्येष्ठांसाठी एक प्रश्न असतो: घरी रात्री उठल्यावर बाथरूम कुठल्या हाताला लागतं? लोक हसतात, पण मी तो काढलेला नाही. हॉटेलात अंधारात उठलेला माणूस सवयीनं घरच्या हाताला वळतो आणि दार उघडून थेट कॉरिडॉरमध्ये जातो. दार मागं आपोआप लागतं, किल्लीचं कार्ड आत राहतं आणि समोर एकसारख्या दारांची रांग. ज्याची स्मरणशक्ती शाबूत आहे तोही दोन मिनिटं गांगरतो. नानांना अशी दारं दर दुसऱ्या रात्री नव्यानं शिकावी लागली असती. आमच्या धंद्यात व्हीलचेअर सांगितली की ज्येष्ठांची सोय झाली असं धरतात. व्हीलचेअरनं पायांचं भागतं, डोक्याचं काय? शिवाय विमा काढताना आधीचा आजार लिहायचा असतो. ‘नाही लिहिला तर चालेल का?’ हे मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. चालत नाही. पुढं काही झालं तर क्लेम नाकारायला तेवढं एक कारण पुरतं.

त्या दिवशी सगळे ऑफिसात आले होते. भिंतीवरच्या टीव्हीवर मी दा नांगजवळचा तो सोनेरी पूल दाखवत होते, दोन प्रचंड हातांनी उचलून धरलेला. नाना मधून मधून विचारायचे, “आपण कुठं आलोय?” वहिनी प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे सांगायच्या, “प्रवासाच्या ऑफिसात, नाना.” मग त्यांची नजर माझ्या टेबलाच्या काचेखालच्या महाराष्ट्राच्या नकाशावर गेली. त्यांनी बोट ठेवलं ते उंब्रजवर. तिथून पाटण, कोयनानगर. “हेळवाकला चहा घ्यायचा. घाट उतरला की पोफळी, शिरगाव, अलोरे. चिपळुणात थांबायचं नाही, थांबलं की उशीर होतो. शृंगारतळी गेली, मोडकाआगर आलं की काचा खाली करायच्या.” कुंभार्ली घाटाचं प्रत्येक वळण मनगटानं घेत होते. ही बडबड दादांना नेहमीची असावी, ते फोनमध्ये दर बघत होते. मी मात्र टीव्ही बंद केला.

रात्री वहिनींचा फोन आला. “ताई, नानांना गुहागरलाच न्या. पण मला तिथं नका नेऊ.”

नवऱ्यासमोर बोलता न आलेलं सगळं त्या मग बोलल्या. गुहागर म्हणजे पहिल्या दिवशी अभिषेक, दुसऱ्या दिवशी नैवेद्य, चुलत सासऱ्यांकडे जेवण, आत्तेसासूबाईंकडे जेवण. काकूंच्या स्वयंपाकघरात हात लावायला कुणी सांगत नाही, पण सून नुसती बसून कशी राहणार? वरून नानांची औषधं, नानांचे कपडे. समुद्र पन्नास पावलांवर असून त्यावर निवांत बसल्याचं त्यांना आठवतही नव्हतं. त्यांच्याकडे पासपोर्टच नव्हता. बहिणीचे पैसे, नानांचा परदेश या सगळ्या चर्चेत तो काढायचं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

ज्याला आपण घराचं आवडतं ठिकाण म्हणतो ते एका-दोघांचं आवडतं असतं. बाकीचे सोबत जातात आणि त्यांतलं कुणीतरी राबतं. नव्या ठिकाणाचा हट्टसुद्धा पुष्कळदा अशाच राबणाऱ्या माणसाचा असतो, कारण अनोळखी गावात तिला सून म्हणून कुणी ओळखत नाही. म्हणून मी सहल दोन भागांत करायला सुचवलं: दादा आणि नाना गुहागरला, वहिनी आणि लेक त्याच आठवड्यात एका चांगल्या ग्रुपबरोबर व्हिएतनामला. अमेरिकेतून फोन आला, “ही कसली फॅमिली ट्रिप?” मी सांगितलं, चार माणसांची हौस एकाच तिकिटावर बसवायची म्हटली की त्यातल्या दोघांची मोडते, आणि ती कुणा दोघांची हे आधीच ठरलेलं असतं. दादा दोन दिवस विचार करून हो म्हणाले. वहिनींचा पासपोर्ट पोलीस पडताळणीसकट वेळेत आला.

गुहागरच्या तिसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या सुमारास माझा फोन वाजला. “ताई, नाना नाहीत.” रात्री शेजारच्याच पलंगावर होते. दाराची कडी आतून काढलेली. अनोळखी हॉटेलातलं कुलूप त्यांना कदाचित उघडलंही नसतं. ही कडी मात्र हाताच्या सवयीची, अंधारातही चुकली नाही. काकू कंदील-बॅटरी घेऊन रस्त्याला लागल्या होत्या, दोन घरची माणसं उठली होती. मी दादांना म्हटलं, आधी वहिनींना फोन लावा, तिकडे साडेसात वाजले असतील, नाश्त्याला असतील. ते म्हणाले, “नको, तिची पहिलीच सहल आहे, उगाच खराब होईल.” मी गुहागरमधल्या ओळखीच्या एका गाडीवाल्याला उठवलं आणि समुद्राच्या बाजूला पाठवलं.

पाऊण तासानं नाना सापडले. काकूंच्या शेजारची वाडी पावसाळ्यानंतर विकली गेली होती आणि तिथं रिसॉर्टचं बांधकाम सुरू होतं. गुहागरात रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला घरं, घरांमागं नारळी-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की वाळू. इतकी वर्षं नाना शेजारच्या वाडीचं बेडं, म्हणजे बांबूचं फाटक, सरकवून तिथूनच खाली उतरायचे. आता तिथं पुरुषभर उंचीची चिऱ्याची भिंत होती. त्या भिंतीवर हात फिरवत ते बेडं शोधत होते. कामावरचा राखणदार परप्रांतातला. त्यानं बसवून चहा दिला, अंगावर आपली घोंगडी घातली, पण हे आजोबा कुणाकडचे हे त्याला कुठून कळावं? जुना शेजारी असता तर दोन मिनिटांत घरी आणून सोडलं असतं. जिथं सगळे आपल्याला ओळखतात म्हणून मी नानांना पाठवलं होतं, तिथं त्या पहाटे त्यांना पहिला भेटलेला माणूस नेमका नवा होता.

वहिनींना हे त्याच रात्री लेकीकडून कळलं. त्या रागावल्या, पण नाना हरवले यावर नाही. होई आनहून त्यांनी मला फोन केला. “मला विचारायचं ना आधी! ते दर पहाटे पाच वाजता तिथनं उतरतात. मी मागनं जाते. ते वाळूवर बसतात, मी सुरूच्या झाडांशी उभी राहते, उजाडलं की हाक मारते.” दादांना हे ठाऊक नव्हतं. दरवर्षी त्याच खोलीत झोपून त्यांची समजूत अशी की नाना सातपर्यंत झोपतात. वहिनींनी कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. समुद्रावर निवांत बसल्याचं आठवत नाही, असं त्या का म्हणाल्या होत्या ते मला तेव्हा कळलं.

गुहागर नानांसाठी चांगलं ठरलं की नाही, याचं उत्तर मी अजून स्वतःला देऊ शकलेले नाही. उरलेले दिवस ते छान होते. व्याडेश्वराच्या देवळात त्यांनी अभिषेकाचे मंत्र गुरुजींबरोबर न अडखळता म्हटले. काकूंच्या घावनांना नावं ठेवली, जशी ते दरवर्षी ठेवतात. हनोईत यातलं काहीच झालं नसतं. पण गुहागरची जी ओळख त्यांना सांभाळते असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, तिच्यातला मोठा वाटा वहिनींच्या पायांचा होता. आणि वहिनींनाच मी व्हिएतनामला पाठवलं होतं. पाठवलं याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही, त्यांचा होई आनमधला कंदिलांखालचा फोटो मी पाहिलाय.

आता यंदाची चौकशी आली आहे. दादा म्हणतात, गुहागर नको, पुण्याजवळ कंपाउंड असलेलं एखादं रिसॉर्ट बघा. वहिनी म्हणतात, नाना गुहागरलाच जातील आणि मी श्रीलंकेला. काकूंनी कळवलंय की त्यांच्या वाडीतून समुद्राकडं दुसरी वाट करून देतील, फक्त ती नानांना आधी दोन-चार दिवस कुणीतरी चालवून दाखवायला हवी. मी अजून कुणालाच दर दिलेले नाहीत. वहिनींकडून नानांच्या गुहागरातल्या दिवसाचा क्रम लिहून मागितलाय: कधी उठतात, कुठून उतरतात, कुणाच्या ओटीवर टेकतात, कुठल्या वेळी घाबरतात. तो दादांनी माझ्यासमोर बसून वाचायचा आणि पहाटे पाचला मागनं कोण जाणार ते सांगायचं. ठिकाणाचं त्यानंतर बघू.