तुम्ही विचारलंत म्हणून : तबकडी कोणाची?

माझ्या संग्रहातल्या गाण्यांच्या जुन्या तबकड्या पाहणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : "हा शोध एडिसनचाच ना?" तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आवाज टिपून तो पुन्हा ऐकवण्याचे श्रेय १८७७ सालच्या एडिसनचेच आहे. परंतु ही सपाट तबकडी आणि ती वाजवणारा ग्रामोफोन एमिल बर्लिनर याने दिला, आणि त्याचे नाव आपल्याकडे इतके क्वचित घेतले जावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

जर्मनीतल्या हॅनोव्हरमधल्या एका ज्यू कुटुंबात १८५१ साली जन्मलेला बर्लिनर १८७० मध्ये अमेरिकेत आला. वॉशिंग्टनच्या कापडदुकानात कारकुनी करता करता, विज्ञानाची कोणतीही पदवी नसताना, त्याने टेलिफोनसाठी मायक्रोफोन तयार केला. बेल कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि पुढच्या प्रयोगांची सोय झाली.

एडिसनचे यंत्र आवाज तबकडीवर नव्हे, तर नळकांड्यावर टिपत असे; त्याची खरी अडचण प्रतींची होती. सुरुवातीच्या काळात जास्त प्रती हव्या असतील, तर गायकाला तेच गाणे पुन्हापुन्हा गावे लागे. बर्लिनरने जस्ताच्या गोल पत्र्यावर मेणाचा पातळ थर दिला. आवाजाने थरथरणारी सुई वरखाली न होता डावीउजवीकडे हलत तेवढेच मेण खरवडत जाई, आणि पत्रा क्रोमिक आम्लात ठेवला की उघड्या पडलेल्या रेषेत चर कोरला जाई. त्यावरून विजेच्या साहाय्याने धातूचा उलटा ठसा घ्यायचा आणि तो तापवलेल्या कठीण रबरावर दाबायचा : गायकाने एकदाच गायचे, प्रती हव्या तितक्या काढायच्या. माझ्या मते त्याची खरी थोरवी या ठशात आहे. १६ मे १८८८ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्याने ग्रामोफोनचे प्रात्यक्षिक दाखवले. पुढे रबराच्या जागी लाखेचे मिश्रण आले, आणि ती लाख प्रामुख्याने आपल्या देशातून जात असे.

हाताने फिरवायच्या यंत्राला एल्ड्रिज जॉन्सनने स्प्रिंगची मोटर बसवली आणि धंदा वाढला. मात्र विक्रीचे काम सांभाळणाऱ्या फ्रँक सीमनशी वाद होऊन १९०० साली न्यायालयाने बर्लिनरला अमेरिकेत स्वतःचाच ग्रामोफोन विकण्यास मनाई केली, तेव्हा त्याने माँट्रियलला बस्तान हलवले. परदेशात आलेल्या, स्वकष्टाने वर आलेल्या माणसावर हा मोठाच अन्याय होता असे मी मानतो.

त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या फ्रेड गैसबर्गने १९०२ साली कलकत्त्याला गायिका गौहर जानचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्या तबकड्या छापल्या गेल्या हॅनोव्हरमध्ये, बर्लिनर बंधूंच्या कारखान्यात; कलकत्त्याजवळ सियालदहला कारखाना निघेपर्यंत, म्हणजे १९०८ पर्यंत, आपले गाणे असे समुद्र ओलांडून परत येत असे. गाण्याच्या शेवटी गौहर जान इंग्रजीत स्वतःचे नाव सांगते, ते हॅनोव्हरच्या कामगारांना योग्य लेबल लावता यावे म्हणून, असे सांगतात.