"डॉक्युमेंटेशन जरा नीट कर" म्हणजे नक्की काय करायचं? माझा अनुभव

मी टेक्निकल रायटर आहे, अंधेरीच्या एमआयडीसीत एका सॉफ्टवेअर कंपनीत. गोदामातल्या मालाचा हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर आहे आमचं, ते बसवायचं कसं वापरायचं कसं याची गाईडं मी लिहिते. रायटर मी एकटीच. मागच्या पावसाळ्यात सरांनी बोलावून सांगितलं, "पुढच्या रिलीजच्या आधी डॉक्युमेंटेशन जरा नीट करून टाक, कस्टमरला समजलं पाहिजे." मी म्हटलं सर, नीट म्हणजे कुठला भाग? तर म्हणाले, "अगं तू रायटर आहेस ना, तुला जास्त कळतं." आणि मी हो म्हणून बाहेर आले. तिथेच चुकलं माझं.

आमचं लिखाण डिटामध्ये असतं, म्हणजे गाईडं छोट्या छोट्या तुकड्यांत लिहायची एक ठरलेली पद्धत. मूळ आयबीएमचं, २००५ पासून ओएसिस या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड आहे. त्यात मजकुराचे मुख्य प्रकार तीन, कन्सेप्ट म्हणजे ही गोष्ट काय आहे, टास्क म्हणजे ती करायची कशी, आणि रेफरन्स म्हणजे सेटिंग, एरर कोड वगैरेचे तक्ते. आता "कस्टमरला समजलं पाहिजे" यातलं कुठलं? मी धरून चालले की कन्सेप्ट कच्चे आहेत, आणि तीन आठवडे रोज उशिरा थांबून सगळे कन्सेप्ट नव्याने लिहिले, मनापासून लिहिले. सरांनी दहा मिनिटं खाली-वर करून बघितलं आणि म्हणाले, हे नव्हतं गं हवं मला. मग काय हवं होतं ते तेव्हाही नाही सांगितलं, वर अप्रेझलमध्ये शेरा आला की अपेक्षा समजून घेत नाही. त्या संध्याकाळी घाटकोपरला मेट्रोतून उतरले आणि मुलुंडला जायच्या दोन स्लो गाड्या सोडून प्लॅटफॉर्मवर तशीच उभी राहिले. खूप लागलं होतं मनाला.

वाट सापडली ती डबा खाताना. सपोर्टमध्ये एक ताई आहेत, बरीच वर्षं झालीत त्यांना इथे. त्या म्हणाल्या, अगं सरांच्या मागे भिवंडीचा एक कस्टमर लागलाय, रात्रपाळीची पोरं स्कॅनर बंद पडला की परत जोडू शकत नाहीत, गाईडमधला स्क्रीन जुना आणि त्यांच्यासमोरचा वेगळा, मग फोन आम्हाला. मी त्याच दुपारी दोन महिन्यांची तिकिटं, म्हणजे सपोर्टकडे नोंदवलेल्या तक्रारी, वाचून काढली. बहुतेक तिकिटं दोनच गोष्टींची, स्कॅनर जोडणं आणि अपग्रेडनंतर लॉगिन न होणं. म्हणजे सगळं मिळून नऊ पानं, तीही टास्कची. एवढंच होतं ते "नीट"!

मग सरांना परत "काय हवंय" असं विचारलंच नाही. एका पानावर माझी समजूत लिहिली: कोणासाठी, कुठली नऊ पानं, तपासणार कोण आणि कधी, काम झालं असं कधी धरायचं (नवीन माणसाने सपोर्टला फोन न करता स्कॅनर जोडून दाखवला की झालं), आणि या रिलीजला काय करणार नाही. सोबत एक पान नमुना म्हणून पूर्ण लिहून जोडलं आणि मेलमध्ये टाकलं की सर, शुक्रवारपर्यंत काही बदल नसेल तर असं सुरू करते. दहा मिनिटांत उत्तर! "करणार नाही" मधली एक ओळ त्यांनी वर घेतली, दोन खोडली. समोर कोरं पान असताना त्यांना बोलता येत नव्हतं, पण चुकीची ओळ दिसली की लगेच कळत होतं काय नको ते. तेव्हापासून "करणार नाही" हा भाग मी सगळ्यात विचार करून लिहिते.

मध्येच दोन फीचर वाढले, म्हणाले हे पण घे. आधी मी गुपचूप रात्री बसले असते. या वेळी तेच पान पुढे केलं, सर तारीख तीच ठेवायची तर यातलं काय सोडू? आवडलं नाही त्यांना, दोन दिवस उत्तर नाही, मग म्हणाले नवीन फीचरचं फक्त रिलीज नोट्समध्ये (नव्या व्हर्जनमध्ये काय बदललं त्याची यादी) लिही.

सर मुद्दाम करतात असं मला आता वाटत नाही, त्यांनाही वरून असंच अर्धं वाक्य मिळतं. डेव्हलपर लोकांचा रिव्ह्यू अजूनही उशिराच येतो, त्यावर मला उपाय सापडला नाहीये, कोणाला जमलं असेल तर खरंच सांगा.

परवा एपीआयच्या (दुसरं सॉफ्टवेअर आमच्या सॉफ्टवेअरला जोडायची सोय) डॉक्युमेंटेशनचं काम आलं. सर म्हणाले, "जरा बघून घे." जागेवर आले, कोरं पान उघडून वर तारीख टाकली आणि ताईंना फोन लावला.