तिरकं घ्या

दुपारचे अडीच, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मी स्वतःच्याच घरासमोर गाडी तिरकी लावून बसलोय. आत जायचंय. गेटमधून आत चढ आहे, पाच फुटांत एक फूट चढणारा, कुणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे. आणि माझी गाडी म्हणजे दोन सीटांची, बुटकी, जमिनीला कान लावून पळणारी. रोजचं येणंजाणं आहे, तरी त्या चढाच्या तोंडाशी आलो की मी रेडिओ बंद करतो, एसी बंद करतो, काच खाली घेतो. ऐकू यावं म्हणून. काय ऐकू यावं? काहीच नाही. काही वाजत नाहीये हे नीट ऐकू यावं, एवढंच.

आज मात्र स्वतःला रंगेहाथ पकडलं. पुढचं चाक चढायला लागलं आणि लक्षात आलं की आपण श्वास धरलाय, पोट आत ओढलंय आणि सीटवरून बोटभर वर उचललो गेलोय, स्टिअरिंगला लोंबकळल्यासारखे. गाडी हलकी व्हावी म्हणून! गाडीतच बसून! माझं वजन सीटवर पडलं काय न स्टिअरिंगवर पडलं काय, गाडीला त्याचं काय, हे मला कळतं. पोटाला कळत नाही.

हे पोट आत ओढणं फार जुनं आहे. मी सहा-सात वर्षांचा असेन, घर बदललं तेव्हा एक लोखंडी कपाट दारातून आत जाईना. चार माणसं घामाघूम, आणि काका स्वतः हात न लावता दारात उभे राहून एकच सांगतायत, "तिरकं घ्या, अहो तिरकं घ्या." सरळ घातलं की खालचा पाय उंबऱ्याला अडायचा, आडवं केलं की वरचा कोपरा. मी आत भिंतीला पाठ लावून उभा, आणि कपाट जसजसं पुढे सरकायचं तसतसं मी माझं पोट आत घ्यायचो, म्हणजे तेवढी जागा कपाटाला होईल. शेवटी गेलं. तिरकंच गेलं, पण जाताजाता चौकटीवर हिरवट रंगाची एक लांब रेघ ओढून गेलं. तेव्हा ती रेघ माझ्या कानाशी यायची. ते घर सोडलं तेव्हा कोपराशी येत होती. तोवर घरात कुणी ती पुसली नाही न कुणी रंगवली नाही.

तर तिरकं. बुटकी गाडी चढवायचं सगळं शास्त्र काकांच्या त्या एका शब्दात येतं. चढाला सरळ भिडलात की आधी नाक टेकतं, कारण पुढच्या चाकाच्याही पुढे वीतभर-दोन वीत बंपर असतो आणि चाक चढायच्या आत तोच चढाला भेटतो. तिरकं गेलं की एक चाक आधी चढतं, ते नाकाला वर उचलतं, मग दुसरं. शिवाय तिरकं गेलं की चढ तेवढाच असून गाडीपुरता सौम्य होतो, घाटात रस्ता सरळ न नेता वळवळत नेतात तसं. नाक सुटलं म्हणून खूश व्हायचं नाही, कारण वर पोचलं की दुसरी भीती: पुढची चाकं सपाटीवर, मागची अजून चढावर, आणि मधलं बूड त्या कडेवर. नाक टेकलं तर खर्च, बूड टेकलं तर पाप. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, फुटलं तर ऑइल अंगणभर, आणि पुढे गाडी ढकलणं आलं.

एकदा डोकं फिरलं म्हणून टेप घेऊन मोजायलाच बसलो. म्हणजे मी आत बसलो आणि बायको जमिनीवर पालथी पडून टेप लावत होती, काय बोलत होती ते लिहीत नाही. पोटाखाली १२ सेंटिमीटर. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये २४० सेंटिमीटर. हिशेब केला तर गाडीला पोटाखालून ११.४ अंशांची कड झेपते. आणि आमचा पाचात एक चढ किती? ११.३ अंश. एका दशांशाने वाचलो! कागदावर. शेजारी एक माणूस बसला की स्प्रिंगा अर्धा-पाऊण सेंटिमीटर खाली बसतात आणि तो आकडा ११ च्याही खाली जातो, मग संपलं. पंचेचाळीस अंशांत तिरकं घेतलं तर तोच चढ गाडीला सातात एक लागतो, आठ अंशांच्या आसपास, म्हणजे आरामात, पण आमच्या गेटच्या दोन खांबांमधून पंचेचाळीस अंशांत गाडी घालायला ती खेळण्यातली हवी. तीस मिळतात, तेही रस्त्याच्या पलीकडच्या कडेपासून सुरुवात केली तर. तिसात जेमतेम दहा अंश होतात. तेवढ्यावर रोजचं भागतं, म्हणजे मी एकटा असलो तर.

बाकी बारीकसारीक गोष्टी ज्याच्या त्याला माहीतच असतात. ऐन तोंडाशी ब्रेक दाबायचा नाही, ब्रेकने नाक खाली जातं, ज्या क्षणी ते वर हवं त्याच क्षणी. आधीच हळू व्हायचं, पाय सोडायचा, मग चढवायची. चढाच्या पायथ्याशी फळी टाकली तर उत्तम, पण फळी टाकायला उतरायचं, फळी उचलायला परत उतरायचं, आणि बुटक्या गाडीतून उतरणं म्हणजे काय ते बुटक्या गाडीवाल्यालाच विचारा. आणि कुणी रस्त्यावर उभं राहून हात हलवत "येऊ द्या, येऊ द्या" करत असेल तर त्याच्याकडे अजिबात बघायचं नाही. तो खर्र आवाज येईपर्यंत येऊ द्या म्हणतो आणि आवाज आल्यावर "बस्स!"

आवाजांचंही आता कळायला लागलंय. खाली काळ्या प्लास्टिकची पट्टी असते, ती घासली तर फर्र. ती घासण्यासाठीच असते असं मी मानतो, चपलेच्या टाचेसारखी. रंगवलेला बंपर घासला तर खर्र, आणि तो आवाज दातांत जाणवतो. धातू लागला तर कच्च्, आणि मग दोन मिनिटं कुणी काही बोलत नाही.

मोठ्या लोकांना हे प्रश्न नाहीत. १९५५ च्या सित्रोएन डीएसमध्ये एक दांडा होता, तो सरकवला की अख्खी गाडी गाय उठावी तशी उठायची. हल्लीच्या महागड्या गाड्यांना बटण असतं, नाक वर येतं, ती नवी कॉर्वेट तर चार सेंटिमीटर नाक तीन सेकंदांच्या आत उचलते आणि कुठे उचललं ते लक्षात ठेवते, अशा हजार जागा. एकदा शिकवलं की घरचा चढ आला की आपोआप वर. ऐकून हेवा वाटला खरा. पण मग त्या माणसाला काम काय राहिलं? पोट कोण आत घेणार? आणि गंमत बघा, फोर्डच्या जीटी चाळीसमधला तो चाळीस म्हणजे गाडीची उंची, इंचांत. टपापर्यंत! म्हणजे माणसाच्या कमरेएवढी गाडी करायची, तिच्या उंचीचंच नाव मिरवायचं, आणि साठ वर्षांनी तिच्या भाईबंदांना वर उचलायला मोटर लावायची.

माझ्याकडे बटण नाही, माझ्याकडे आई होती. म्हणजे आई गाडीत असली की चढाच्या आधी तिला उतरवायचं, असं आमचं ठरलेलं. सुरुवातीला दोन-तीनदा न उतरवता बघितलं, दर वेळी बूड टेकलं. मग तीच म्हणायला लागली, "थांब, उतरते मी." ते उतरणं म्हणजे एक सोहळा: आधी दोन्ही पाय बाहेर, मग एक हात दाराला, एक हात मला, मग "हं" म्हणून उठायचं, आणि गाडीच्या मागून चालत चढायचं. वर आली की पहिला प्रश्न, "घासली का रे?" मी म्हणायचो, "नाही गं." ती म्हणायची, "मग? एवढं वजन आहे माझं!" आणि स्वतःवरच खूश होऊन हसायची.

परवा तिला दवाखान्यातून आणलं. पाऊस मुसळधार. ती दाराकडे हात न्यायला लागली, मनगटावरचं घड्याळ घसरून कोपराकडे गेलं. मी म्हटलं, "राहू दे आज, भिजशील, घासली तर घासली." रेडिओ बंदच होता. काच थोडी खाली घेतली, पलीकडच्या कडेपासून तिरकं घेतलं, ब्रेक सोडला. पुढचं एक चाक, मग दुसरं. नाक सुटलं. कडेवर आलो तसा श्वास धरला, पोट आत घेतलं, आणि तिनेही शेजारी दाराचं हँडल घट्ट धरून स्वतःला थोडं वर उचललेलं दिसलं.

मागची चाकं वर आली. पावसाचा आवाज होता, बाकी काही नाही.

"घासली का रे?"

"नाही गं."

"बघ," ती म्हणाली, "उगाच उतरवायचास मला."