साखळी तुटली तेव्हा खाली कोण होतं?

भायखळ्याच्या राणीच्या बागेत गाईड म्हणून फेरी घ्यायची तर पेंग्विन सगळ्यात शेवटी ठेवावे लागतात. पोरांनी एकदा पेंग्विन बघितले की गोरखचिंचेच्या बुंध्याशी कुणी उभं राहत नाही. आईबापही घड्याळ बघायला लागतात. बुधवारी बाग बंद असते, तरी बुधवारचीच फेरी मागणारे भेटतातच.

क्रम मी खपून लावलाय. 1862 साली लेडी फ्रियरनं बाग खुली केली तिथून सुरुवात. मग ससूनचा घड्याळाचा मनोरा, 1872 चं म्युझियम (आताचं डॉ. भाऊ दाजी लाड) आणि घोड्यावरचा सातवा एडवर्ड. हाच मूळचा काळा घोडा, 1965 साली फोर्टातून हलवून इथे आणलेला. आमच्यातले काही गाईड इथे भलत्याच दंतकथा रंगवतात. टाळ्या मिळतात खऱ्या, पण ऐकवत नाही.

म्युझियमशेजारचा दगडी हत्ती माझा हुकमी एक्का. मूळचा घारापुरीचा, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 साली इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. तुकडे या बागेत आले, 1914 साली जोडले गेले. इथे मी म्हणते, "साहेबाला नेता आला नाही, म्हणून हत्ती मुंबईकर झाला!" हशा ठरलेला.

त्या रविवारी नातवाला घेऊन आलेले एक काका हसले नाहीत. गोदीत खलाशी म्हणून, जड माल उचलायच्या कामावर, नोकरी काढलेले, उजव्या हाताचं एक बोट अर्धं. बाकीचे सेल्फी काढत होते तेव्हा ते हात मागे बांधून हत्तीभोवती फिरले. मग मला म्हणाले, "ताई, याचा तोल मधोमध येणारच नाही. डोक्याकडं वजन जास्त. सरळ स्लिंग लावून उचलला की पुढं कलणार, आणि कलला की एकाच बाजूच्या साखळीवर सगळा भार. आम्ही आधी वीतभर उचलायचो, थांबायचो, बघायचो, मग पुढं." जोडाच्या एका रेषेकडे बघत पुढे विचारलं, "साखळी तुटली तेव्हा खाली माणसं असणार की. कोण होती?"

इतकी वर्षं हीच गोष्ट सांगतेय, कुणी हे विचारलं नव्हतं. सन विचारतात, वजन विचारतात, फोटो कुठून चांगला येईल ते विचारतात. माझ्या गोष्टीत इंग्रज आहेत, क्रेन आहे, हत्ती आहे. दोर ओढणारा एकही माणूस नाही.

नातू तेवढ्यात पेंग्विनसाठी रडायला लागला आणि काका गेले.

आता मी विनोद करते, लोक हसतात, आणि लगेच काकांचा प्रश्न त्यांना विचारते. हशा तिथल्या तिथे विरतो. माझ्याबरोबर फेऱ्या घेणारी मैत्रीण म्हणते, रविवारी सकाळी लोक मजा करायला येतात, असलं काही विचारलंस तर पुढची बुकिंगं विसर. गेल्या फेरीत दोघं निघून गेले, हे खरंय. मी तिला म्हटलं, मग विनोद गाळू का? त्यावर ती गप्प.