झिजायचं कुणी?

मिक्सरचा कपलर, म्हणजे मोटार आणि भांडं जोडणारा तुकडा, तुटला की आमच्या घरी बनवणाऱ्याचा उद्धार होतो. "एवढी दणकट मोटार देतात आणि हे मेलं रबराचं!" सुक्या खोबऱ्याचा तुकडा पात्यात अडकतो, कट्ट आवाज येतो, चटणी अर्धी राहते. शेवटी आईने बेळगावच्या उद्यमबागेतल्या, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतल्या, एका टर्नरला पितळेचा कपलर करून मागितला. तो हसला. "करून देतो की काकू. पण पुढच्या खेपेला मोटारच घेऊन यावं लागतंय. हे तुटायलाच बसवलेलं अस्तंय."

यंत्र करणारे लोक भलते व्यवहारी. कुठे तरी काही तरी मोडणार हे ते धरूनच चालतात, आणि मोडायचं कुणी हे आधीच ठरवून टाकतात. मोटार आणि पंप यांच्यामध्ये दोन लोखंडी पंजे एकमेकांत अडकवतात, मधे स्टार रबर. शाफ्ट, म्हणजे फिरणारे दांडे, जरा वाकडे बसले, झटका बसला, तर सोसायचं त्या रबराने. कारखान्यांत या जोडणीला सरसकट 'लव्हजॉय' म्हणतात. हे एका अमेरिकन कंपनीचं नाव आहे, याचं कुणाला सोयरसुतक नाही.

ट्रॅक्टरमागे माती फोडणाऱ्या रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट तर मुद्दाम नरम. दगड लागला की तो कापला जातो आणि गिअरबॉक्स वाचतो. आमच्या निपाणीकडच्या पाहुण्यांना हे पसंत नव्हतं. सारखं उतरून बोल्ट कोण बदलणार? त्यांनी १२.९ ग्रेडचा हाय टेन्साईल, म्हणजे सहजी न तुटणारा, बोल्ट ठोकला. बोल्ट अजून शाबूत आहे. गिअरबॉक्स बदलावा लागला. पाहुणे मात्र अजूनही दगडालाच शिव्या देतात.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केला, आणि १९१० साली बस्तान किर्लोस्करवाडीला हलवलं. नांगर लाकडाचा असो की लोखंडाचा, झिजायचं काम फाळाकडेच.

वर्म गिअरमध्ये हाच हिशेब धातूंत मांडलेला असतो. वर्म म्हणजे स्क्रूसारखा आटे असलेला दांडा; तो कडक पोलादाचा, त्याच्याशी घासणारं चाक मात्र नरम फॉस्फर ब्राँझचं, म्हणजे झिजायचं चाकाने. दोन्ही पोलादाची केली तर घासून घासून एकमेकांना धरतात.

साध्या दातेरी चाकांत जरा न्याय दिसतो. जोडीतल्या लहान चाकाचा, म्हणजे पिनियनचा, प्रत्येक दात जास्त वेळा कामाला येतो, म्हणून त्याला मोठ्या चाकापेक्षा कडक करतात. मला आवडते ती दातांच्या आकड्यांतली खुबी. सतरा दातांच्या पिनियनला एक्कावन्न दातांचं चाक जोडलं, तर पिनियनच्या दर तीन फेऱ्यांनी तेच दात पुन्हा समोरासमोर. एक खराब दात मग ठरावीक तिघांनाच छळत राहणार. म्हणून चाक बावन्न दातांचं घ्यायचं. आता तीच जोडी पिनियनच्या बावन्न फेऱ्यांनंतरच भेटते, आणि मधल्या काळात प्रत्येक दात समोरच्या प्रत्येकाला भेटून येतो. त्रास सगळ्यांत सारखा वाटला जातो. एवढी समज आमच्या सोसायटीच्या पाणीवाटपात यायला हवी होती.

या साऱ्याला अपवाद बेअरिंग. ६२०४ नंबरचं घ्या: शेवटच्या चाराला पाचाने गुणलं की आतला व्यास, वीस मिलिमीटर. छर्रे आणि कड्या दोन्ही कडक पोलादाचे, बहुतेकदा एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियमचे. इथे बळीचा बकरा नेमलेलाच नाही. छर्रे घासत नाहीत, लोळतात. धूळ-पाणी आत गेलं नाही, ग्रीस बेताचं राहिलं, तरी लाखो वेळा दाब खाऊन पोलाद आतून थकतं आणि पृष्ठभागाचे टवके निघतात. कॅटलॉगात बेअरिंगचं आयुष्य छापतात, तेच मुळी शंभरांतली दहा त्याआधी जातील असं धरून. आपलं त्या दहांतलं की नव्वदांतलं, असं मी एकदा काउंटरवर विचारलं. दुकानदाराने डबा पुसून पुढे सरकवला. "ओरिजिनल आहे, साहेब. बिल पाहिजे का?"