पाव फेरा

सकाळी 'दहा मिनिटांचं काम' म्हणून गिटार टेबलावर आडवी केली आणि उठलो तेव्हा दुपार टळून गेली होती.

तक्रार एवढीच, की बाराव्या फ्रेटच्या (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे तारा दाबताना बोटं दुखायची. मोजलं तर जाड ई तार बाराव्या फ्रेटवर जवळजवळ ३ मिमी वर. मी उत्साहात ॲलन की (षट्कोनी पाना) घेऊन सॅडल, म्हणजे तारा ज्यांवर टेकतात ते छोटे आधार, सरळ खाली केले. झालं! पहिल्या पाच फ्रेटवर तारा खर्र खर्र वाजायला लागल्या. मान आधी बघायची असते हे माहीत असूनही घाई नडली. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मध्ये बघितलं, तर फटच नाही. मान अगदी सपाट, हवा तो किंचित बाकही नाही. ट्रस रॉड (मानेचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) पाव फेरा सैल केला, पुन्हा ट्यून केलं, आणि खरखर गेली. जाड तार २ मिमी, बारीक तार १.५ मिमी. याहून खाली जायचा मोह आवरला, कारण मी तारा जरा जोरातच छेडतो.

मग इंटोनेशन, म्हणजे तार मानेवर कुठेही दाबली तरी सूर बरोबर लागणं. जी तार बाराव्या फ्रेटवर दाबली की हार्मोनिकपेक्षा (तिथेच तार न दाबता नुसता स्पर्श करून निघणाऱ्या सुरापेक्षा) चढी लागत होती, म्हणून सॅडल मागे सरकवला. ब्रिज (सॅडल ज्यावर बसतात तो भाग) तरंगता, म्हणजे स्प्रिंगांच्या ताणावर तोललेला, असल्यामुळे एक तार सुरात आणली की बाकीच्या पाच रुसतात (हा ब्रिज शोधणाऱ्याकडे वेळच वेळ असणार). ट्यूनरकडे बघून बघून डोळे शिणले.

बी तार अजून किंचित चढी आहे. उद्या बघू, आत्ता वाजवतोय.