वॉक्साहॅचीचे कोर्टहाऊस आणि खांबांवरचे चेहरे

गेल्या ऑक्टोबरमध्ये बाबा माझ्याकडे प्लेनोला दीड महिना राहिले. त्या काळात आम्ही ऑस्टिन पाहिले, सॅन अँटोनिओ पाहिले, गॅल्व्हस्टनचा समुद्रही पाहिला. पण त्यांपैकी कशाविषयीच लिहावे असे मला वाटले नाही. लिहावेसे वाटते ते डॅलसच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या वॉक्साहॅची या गावाविषयी, कारण तेथे ऐकलेली एक गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही.

वॉक्साहॅची हे एलिस काउंटीचे मुख्य गाव. टेक्सासमध्ये अशा २५४ काउंटी आहेत आणि प्रत्येकीचे स्वतःचे कोर्टहाऊस आहे. आपल्याकडचे जिल्हा न्यायालय आणि कलेक्टर कचेरी एकाच छपराखाली आणावी, तसा त्याचा कारभार. हमरस्ता सोडून आत वळलो, तेव्हा दोन्ही बाजूंना नांगरलेली काळीभोर माती दिसू लागली. बाबांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून एक ढेकूळ हातात घेतले आणि चुरगाळून पाहिले. ‘अगं, ही तर आपल्या यवतमाळची माती,’ ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी ती कापसाचीच जमीन आहे, आणि एके काळी साऱ्या अमेरिकेत कापसासाठी नावाजलेल्या काउंटींमध्ये एलिसची गणना होत असे. त्या पांढऱ्या सोन्याच्या पैशातूनच हे कोर्टहाऊस उभे राहिले.

चौकात आल्यावर ते एकदम समोर येते. भोवती दुकानांच्या बुटक्या रांगा आणि मधोमध लाल वालुकाश्माची, गुलाबी व करड्या ग्रॅनाइटची ही भव्य इमारत. १८९५ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी तिचा कोनशिला समारंभ झाला आणि १८९७ मध्ये काम पूर्ण झाले. वास्तुरचनाकार जेम्स रायली गॉर्डन त्या वेळी पस्तिशीचेही नव्हते. हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांनी मध्ययुगीन युरोपातील चर्चवरून रुळवलेली शैली त्यांनी येथे वापरली आहे: जाड, खडबडीत घडाईच्या भिंती, ठेंगण्या खांबांवर पेललेल्या रुंद अर्धवर्तुळाकार कमानी, आणि या सगळ्यावर घड्याळाचा उंच मनोरा. मला मात्र शैलीपेक्षा आराखडा अधिक आवडला. इमारत क्रूसाच्या आकाराची आहे आणि प्रवेशद्वारे क्रूसाचे हात जेथे मिळतात त्या कोपऱ्यांतील पडव्यांमध्ये आहेत. त्या पडव्यांतून वारा आत येतो आणि तापलेली हवा मधल्या जिन्याच्या मोकळ्या पोकळीतून मनोऱ्याकडे चढते. विजेचे पंखे घरोघरी पोहोचण्यापूर्वी टेक्सासच्या उन्हाळ्यात खटले चालवायचे, तर असा विचार करणे भागच होते. गॉर्डन यांनी जवळपास असेच कोर्टहाऊस वाइज काउंटीतील डेकेटर गावीही बांधले आहे.

आम्ही रविवारी गेलो होतो, त्यामुळे इमारत बंद होती. बाबांना चांगलेच वाईट वाटले, आणि आधी चौकशी न करता त्यांना इतक्या लांब आणल्याबद्दल मला स्वतःचा राग आला. म्हणून आम्ही बाहेरूनच फिरत होतो, तेवढ्यात पर्यटकांचा एक गट आला आणि त्यांच्या वाटाड्याने ती गोष्ट सांगायला सुरुवात केली.

पडव्यांच्या खांबांवर, स्तंभशीर्षांच्या पानाफुलांत, माणसांचे चेहरे कोरलेले आहेत. गोष्ट अशी की, कोरीव कामासाठी आलेला एक पाथरवट ज्या खाणावळीत उतरला होता, तेथील मुलीवर त्याचे मन बसले. त्याने तिचा सुंदर चेहरा दगडात कोरला. तिने नकार दिला, तसा तो तिचे चेहरे अधिकाधिक कुरूप करत गेला. गोष्ट संपल्यावर वाटाड्याने मुलांना सर्वांत भयंकर चेहरा शोधायला सांगितले. मुले धावली, मोठी माणसे हसली.

बाबा हसले नाहीत. त्यांनी चाळीस वर्षे मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली. १८७८ साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीतही एका डोळ्यावर पट्टी बांधलेले, हातात तराजू धरलेले दगडी माकड आहे, आणि खटला हरलेल्या एका पारशी पोटकंत्राटदाराने सूड म्हणून ते कोरवून घेतले, असे तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ‘त्या गोष्टीत चेष्टा निदान न्यायाधीशाची होते,’ बाबा म्हणाले. ‘इथे त्या पोरीचा गुन्हा काय? नाही म्हणाली, एवढाच ना?’

घरी येऊन मी वाचन केले. दगडी कोरीव कामाचा बराचसा भाग डॅलसमधील थिओडोर बाइलहार्त्झ यांच्या कार्यशाळेत घडला, आणि या प्रेमकथेला अभ्यासक आधार मानत नाहीत. असे विद्रूप चेहरे हा त्या शैलीचा जुना अलंकार आहे. आपल्या हेमाडपंती मंदिरांच्या उंबरठ्यावर डोळे वटारलेली कीर्तिमुखे असतात. ती घडवणाऱ्याला कोणी झिडकारले होते, असे आपण कधी विचारतो का? येथे मात्र एका खऱ्याखुऱ्या मुलीचे नाव शंभर वर्षांहून अधिक काळ त्या चेहऱ्यांना चिकटले आहे. तेही कोर्टाच्या भिंतीवर, जेथे दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये असा दंडक आहे. ते नाव मला ठाऊक आहे, पण मी ते येथे लिहिणार नाही.

पुढच्या आठवड्यात रजा टाकून आम्ही पुन्हा गेलो. या वेळी बाबांनी खांबांभोवती सावकाश फेरी घातली. एका खांबावर मिटल्या ओठांचा शांत चेहरा, तर पलीकडच्यावर दात विचकलेला. सौंदर्याकडून कुरूपतेकडे जाणारा क्रम आम्हाला कोठेच लावता आला नाही. जवळून पाहिले, तर ओठांच्या कडेला छिन्नीचे बारीक समांतर घाव अजून दिसतात. रागाने कोरणाऱ्याचा हात इतका स्थिर राहत नाही, असे बाबांचे मत पडले, आणि मलाही ते पटले.

ऐतिहासिक कोर्टहाऊस वाचवण्यासाठी टेक्सासने १९९९ साली योजना सुरू केली. तिच्या मदतीने या इमारतीचा जीर्णोद्धार होऊन २००२ च्या ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा लोकांसाठी खुली झाली. आतील एका कर्मचारी बाईंनी बाबांची वकिली ऐकून आपणहून आम्हाला वरचे न्यायदालन दाखवले. दालन रिकामे होते. बाबा मागच्या बाकावर बराच वेळ बसले. निघताना दाराशी थांबून त्यांनी कोटाचे बटण लावले, रिकाम्या न्यायासनाकडे वळून मान लववली, आणि मग आम्ही जिना उतरलो.